खालची रेघ

ही हकिगत मी आजवर अनेकदा सांगितली आहे आणि एकदाही पूर्ण सांगितलेली नाही.

आयटीआयच्या पोरांपुढे सांगितली, कामगारांच्या सभेत सांगितली, माझ्या निवृत्तीच्या समारंभात सांगितली. विषय ठरलेला असायचा. जिद्द, चारित्र्य, यश. मी लाल रेघेच्या शर्टापासून सुरुवात करायचो आणि टाळ्या पडल्या की थांबायचो. टाळ्यांच्या पुढे काय झालं, ते टाळत आलो. आता ऐंशी ओलांडली. टाळायला फार दिवस उरलेले नाहीत.

आधी शर्टाचं सांगतो.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर लोखंड कातणारा टर्नर म्हणून लागून मला तीन आठवडे झाले होते. काळेवाडीहून नदी ओलांडून पायी यायचो. आमच्या वस्तीतून कंपनीत लागलेला मी पहिला. अंगात नवा खाकी शर्ट. आईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला.

तपासणीच्या टेबलाशी साहेब बसायचे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना नातवंडं आहेत, मलाही आहेत. टेबलावर जाडी मोजायचा मायक्रोमीटर, रंगाचे दोन डबे, दोन ब्रश. चांगल्या मालाला हिरवा ठिपका, नापास मालाला लाल.

"इकडे या, जावईबापू."

सगळ्या खात्यानं मान वर केली. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आमच्यासारख्यांना तेव्हा सरकारचा जावई म्हणत. अजूनही म्हणतात, फक्त जरा हळू.

मी गेलो. साहेबांच्या हातात मी कातलेला शाफ्ट होता. अर्धा मिलिमीटर जाड. चूक माझीच होती. त्यांनी शाफ्टला लाल रंग लावला. मग ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि माझ्या शर्टावर, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत, सरळ एक रेघ ओढली.

"रिजेक्ट. सरकारनं पास केला असेल. मी नाही करणार."

लोक हसले. सकाळी माझ्याकडून तंबाखू घेतलेलेही हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "साहेब, पाठीवर पण मारा, जाताना दिसंल!"

भाषणात मी सांगायचो, डोळ्यांत टिपूस आला नाही. खोटं. संडासात जाऊन रडलो. कडी लागत नव्हती. एका हातानं दार धरून रडलो.

बाहेर आलो तर दस्तगीरमामा उभे होते. हातात रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या. मामा आमच्या खात्यातले सगळ्यात जुने टर्नर, चिंचवड गावातले. त्यांचं मशीन माझ्या शेजारी, आमचं हत्यारांचं कपाट एकच. तोवर आमच्यात फार बोलणं नव्हतं. त्यांनी शर्ट घासला. रंग पसरला, गेला नाही.

"ऱ्हाऊ दे लेका," मामा म्हणाले. "उद्या ह्योच घालून ये."

"कशाला?"

"त्याला रोज बघू दे की, त्यानं काय केलंय ते."

मी तोच शर्ट घालून गेलो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. आई धुवायची, मी घालायचो. रेघ गुलाबी झाली, पण गेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मामा मला शिकवू लागले. मायक्रोमीटरच्या दांडीवर एक आडवी रेघ असते. तिच्या वर पूर्ण मिलिमीटरच्या खुणा, खाली अर्ध्याच्या. घाईत नजर वरच्या खुणांवरच जाते. खालची रेघ सुटली की माप अर्ध्या मिलिमीटरनं कमी वाचलं जातं. काम जाड राहतं आणि आपल्याला वाटतं, बरोबर झालं. माझं तेच झालं होतं.

मामा वरच्या खुणांवर अंगठा ठेवायचे. "आधी खालची बघ. वरची काय, सगळ्यांनाच दिसती."

"मामा, तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? मी सुताचा माणूस, इंचाचा. ह्ये मिलिमीटर मला चाळिशीनंतर शिकाया लागलं. मी बी चुकलोय. फक्त माझ्या शर्टावर कुनी रंग मारला न्हाई."

सात-आठ महिन्यांत माझा हात बसला. एक दिवस साहेब दोन नव्या इंजिनिअरांना खातं दाखवत होते. माझ्या मशीनपाशी थांबले. "हे आमचे जावईबापू. आता बरं काम करतात."

मी मशीन बंद केलं. ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.

"साहेब, जावई जावई किती दिवस ऐकू? एकदा मुलगी दाखवा की. पत्रिका आम्ही बघत नाही."

शेजारची मशीनं एकेक करून थांबली. साहेबांचा चेहरा रिजेक्ट शाफ्टसारखा लाल झाला. इंजिनिअर खाली बघू लागले. मागे मामांना ठसका लागला, तो काही थांबेना. साहेब निघून गेले. त्यानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. आमच्या खात्यात कोणाच्याच तोंडून ऐकला नाही.

इथे टाळ्या पडतात. पन्नास वर्षं मी इथे थांबलो आहे.

पुढचं असं आहे.

साहेब शब्द विसरले, मला विसरले नाहीत. माझा प्रत्येक शाफ्ट तीन वेळा मोजला जाऊ लागला. आमच्यात प्रत्येकाला नंबराचा पंच असे. पोलादाची बोटभर दांडी, टोकाला आकडा. काम झालं की शाफ्टच्या तोंडावर ठोकायचा. माझा अठ्ठेचाळीस. मामांचा एकतीस. अठ्ठेचाळीस दिसला की साहेब चष्मा पुसायचे. एकतीस दिसला की मायक्रोमीटर न लावता हिरवा ठिपका. बावीस वर्षं मुरलेला हात होता तो.

शुक्रवार होता. जेवणाच्या सुट्टीत मामा नमाजाला गेले होते. मी सकाळी मशीनचं हत्यार बदलून माप नव्यानं लावलं होतं आणि एक अख्खा ट्रे कातून ठेवला होता. पंच मारण्याआधी शेवटचा शाफ्ट सहज मोजला. वर अंगठा ठेवून मोजला, मामांच्या सवयीनं. खालची रेघ बाहेर होती.

दुसरा मोजला. तिसरा मोजला. सगळा ट्रे अर्धा मिलिमीटर जाड.

अजून काही बिघडलं नव्हतं. जाड काम म्हणजे फुकट गेलेलं काम नव्हे. परत मशीनवर चढवायचं, एक हात फिरवायचा, झालं. दीड-दोन तासांचं काम. पण कातलेला माल परत चढवायचा तर साहेबांची चिठ्ठी लागे. म्हणजे त्यांच्या टेबलापुढे जायचं आणि म्हणायचं, माझी खालची रेघ सुटली. पुन्हा.

मला ब्रश दिसला. हसणारी तोंडं दिसली. आणि एक गोष्ट मला तेव्हाही नीट कळत होती. बाकीच्यांची चूक त्यांची एकट्याची असायची. माझी चूक माझी एकट्याची राहत नसे. ती सगळ्या वस्तीची व्हायची, मागून येणाऱ्या प्रत्येकाची व्हायची. 'यांना घेतलं की असंच होतं.' हे खरं आहे. पण हे कारण म्हणून वापरायला मी नंतर शिकलो. त्या दुपारी मी फक्त घाबरलो होतो.

कपाट एकच होतं. मी मामांचा पंच काढला. एकतीस. सगळ्या ट्रेवर ठोकला. शाफ्ट त्यांच्या ट्रेमध्ये मिसळले. ट्रॉलीवाला आला, घेऊन गेला. तपासणीत कोणी मोजणार नव्हतं. पुढे ग्राइंडिंगवाले जादा थर काढून टाकतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ग्राइंडिंगच्या आधी माल भट्टीत जातो, कडक होतो. कडक झालेल्या पोलादाचा अर्धा मिलिमीटर काढता येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आयटीआयला पहिल्या वर्षीच शिकवतात.

पुढच्या आठवड्यात सगळा माल परत आला.

"दस्तगीर, इकडे या."

पुन्हा तेच टेबल, तोच डबा. साहेबांनी शाफ्ट पुढे धरला. "हा पंच कोणाचा?"

मामांनी शाफ्ट घेतला, उजेडाकडे धरून फिरवला. कातलेल्या कामावर हत्याराचे बारीक वळसे उमटतात. जाणत्याला ते अक्षरासारखे वाचता येतात. मामा वाचत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी मशीन पुसत होतो. पुसलेलंच पुसत होतो.

"पंच माझाच हाय, साहेब," मामा म्हणाले.

पंच माझा हाय. काम माझं हाय, असं ते म्हणाले नाहीत. आयुष्यभर मोजून काम केलेला माणूस, खोटं बोलला नाही. मला तेवढी फट ठेवली होती त्यांनी. एक पाऊल पुढे टाकायला पुरेशी.

मी टाकलं नाही.

"डोळे गेले तुमचे," साहेब म्हणाले. "इंचाची माणसं तुम्ही. मिलिमीटर तुमच्यानं व्हायचं नाही." आणि त्यांनी ब्रश उचलला. मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीवर, लाल रेघ ओढली. या वेळी कोणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं.

मी तिथेच उभा होतो. अंगात माझा गुलाबी रेघेचा शर्ट. मुलगी मागणारं तोंड बंद.

मामांचा मायक्रोमीटर जमा करून घेतला. त्यांना लोखंडाचा कीस उचलायच्या कामावर टाकलं. बावीस वर्षं ज्यानं कीस पाडला, तो आता दुसऱ्यांच्या मशीनखालचा कीस फावड्यानं ओढू लागला. माझ्याही मशीनखालचा. पहिल्या दिवशी ते माझ्यापाशी आले, वाकले, कीस भरला. मी "मामा" म्हणालो. त्यांनी खिशातून पंच काढला आणि माझ्या मशीनवर ठेवला.

"ह्यो तुझ्याकडंच ठेव," ते म्हणाले. "तुला लागतो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मी राहिलो. चार्जहँड झालो, फोरमन झालो. साहेबांच्या खुर्चीत बसलो, लाल डबा फेकून दिला, चुकलेल्या पोराला एकांतात बोलवून समजावलं. लोक म्हणत, माणूस असावा तर असा. माझं नाव घेऊन पोरांना सांगत, बघा, अपमान पचवून कसं वर यावं. मी अपमान पचवला होता हे खरं. पण त्यातला अर्धा दुसऱ्याला खाऊ घातला होता.

बारा-तेरा वर्षांनी कळलं, मामा कुरुळीला मुलीकडे असतात. एका रविवारी एसटीनं गेलो. पंच खिशात होता. वाटेत एक वाक्य पाठ केलं. चाकणच्या रस्त्याला तेव्हा शेतंच जास्त होती.

जावयाचं सायकलचं दुकान होतं. लिंबाखाली खाटेवर मामा बसले होते. डोळे दुधाळ झाले होते. साहेबांचं म्हणणं आता खरं झालं होतं.

"कोन हाय?"

"पाणी मिळेल का?"

"मिळंल की. बसा राव." त्यांनी आत हाक मारली. "कुठनं आलात?"

"पिंपरीहून."

"कंपनीत?"

"होय."

"कुठल्या?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. मामा सावरून बसले.

"मी तिथलाच की! टर्निंगला व्हतो. तुमी?"

"स्टोअरला," मी म्हणालो. का म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही.

"टर्निंगला माझ्या हाताखाली एक पोरगा व्हता, काळेवाडीचा. लई जिद्दीचा. साहेबाला म्हनला, मुलगी दाखवा!" मामा हसले. पुन्हा तोच ठसका. मग हळूच म्हणाले, "मोठा मानूस झालाय म्हनं. वळखता का त्याला?"

पाणी आलं होतं. पेला माझ्या हातात होता.

"नाही," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली. "भेटला तर सांगा, दस्तगीरनं इचारलंय."

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी पाणी प्यायलो आणि निघालो. पुन्हा जाईन म्हणत राहिलो. एका पावसाळ्यानंतर कोणीतरी सांगितलं, मामा गेले.

साहेबांपुढे बोललो, ते धाडस होतं, ते मी नाकारत नाही. ज्यांच्या शर्टावर आजही रेघ ओढली जाते त्यांनी बोलावं, मोठ्यानं बोलावं. पण त्या दिवशी अपमान माझा होता आणि बोलल्यानं माझीच मान उंच होत होती. मामांच्या दिवशी बोलायला जे लागलं असतं, ते माझ्यापाशी नव्हतं. आणि मी पन्नास वर्षं पोरांना चारित्र्य शिकवत फिरलो.

पुढच्या महिन्यात आयटीआयनं पुन्हा बोलावलं आहे. विषय तोच. या वेळी शर्टापासून सुरुवात करणार नाही. त्या शुक्रवारपासून करीन. पंच सोबत नेईन, पोरांच्या हातात देईन, एकतीस आकडा त्यांना वाचायला लावीन आणि सांगीन की त्या ट्रेवर तो कोणी ठोकला. टाळ्या नकोत. कोणी उठून गेलं तर जाऊ दे. माझं नाव घेऊन यापुढे कोणी उदाहरण दिलं, तर त्याला मी तिथेच अडवीन.

ज्यांना सांगायचं होतं ते मात्र तिथे नसतील. एसटीत पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे, एकही शब्द विसरलेलो नाही.

मामा, पंच तुमचा होता. हात माझा होता. मला माफ करा.