चालताना दुखणारा दात

माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, हे नांदेडात आमच्या गल्लीत माझं सगळ्यांना सांगून झालं आहे. निवृत्त माणसाकडं सांगण्यासारखं फार उरत नाही, म्हणून पाहुणे आले की मी अक्रोड दातानं फोडून दाखवतो. बायको म्हणते, तेवढं सोडलं तर तुमच्याकडं दाखवण्यासारखं आहे काय.

त्यामुळं मागच्या हिवाळ्यात जबडा दुखायला लागला तेव्हा मला तो माझ्या दातांचा अपमान वाटला. दुखणं जरा विचित्र होतं. जिना चढलो की खालचा जबडा दोन्ही बाजूंनी आवळून यायचा, कळ मानेत उतरायची आणि पलंगावर टेकलो की निवायची. मी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या. दातांच्या डॉक्टरकडं मात्र गेलो नाही. ज्याची पायरी कधी चढलो नाही म्हणून गावभर मिरवलं, त्याच्याकडं आता कोणत्या तोंडानं जायचं?

त्यातच लेकीच्या सासऱ्यांकडून हुरड्याचं बोलावणं आलं. रेणापूरजवळ त्यांचं रान आहे. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि दोन इवाई भेटले की एकमेकांची टिंगल करायचीच असते. नाही केली तर पाहुणा रुसलाय असं धरतात. माझं हत्यार ठरलेलं. इवायांना कवळी आहे. हुरड्याचे दाणे तिच्याखाली अडकतात, म्हणून खाताना ते ती काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात, वर रुमाल झाकतात आणि तोंडावर उपरणं धरूनच बोलतात. माणूस मोठा रुबाबाचा. कवळीशिवाय रानाबाहेर पाऊल टाकणार नाही. त्या दिवशी आगटीसमोर बसून, दातानं ऊस सोलत मी त्यांना विचारलं, वाटीतल्या पाहुण्यांना हुरडा वाढायचा का? सगळे हसले. उपरण्याआड तेही हसले.

खाणं झाल्यावर त्यांची नवी विहीर बघायला निघालो. चढावर जबडा आवळला. बांधावर बसलो, पण या वेळी बसूनही कळ थांबेना. थंड वाऱ्यात सदरा घामानं पाठीला चिकटला, मळमळायला लागलं. बायकोनं काय होतंय विचारलं तर ऊस जरा कडक निघाला म्हणून सांगितलं. जीव घाबरा झाला होता आणि मला काळजी एकच, की कवळीवाल्या माणसासमोर दात दुखतो म्हणायची पाळी येऊ नये.

पुढं गेलेले इवाई माघारी फिरले. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, “चावताना दुखतंय का चालताना?”

चालतानाच, आणि बरेच दिवस झाले, पण आहे दाताचंच, असं मी ठणकावून सांगितलं.

“दाताचं मला नका सांगू, इवाई. माझे सगळे दुखूनच गेलेत. चालल्यानं एकबी दुखला न्हवता.”

मी म्हणालो, जरा पडतो, मग गाडी मीच चालवतो. त्यांनी माझ्या खिशातली किल्ली काढून घेतली. रानात अँब्युलन्स यायला वेळ लागला असता, म्हणून गाडीच बांधापर्यंत आणली आणि मला चालू दिलं नाही. लातूरच्या दवाखान्यात फोन करून येतोय असं कळवायला त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. मागच्या सीटवर आडवा पडून मी दातांच्या डॉक्टरकडं चला म्हणत होतो. ते हाव हाव म्हणत राहिले आणि त्यांनी गाडी सरळ हृदयाच्या दवाखान्यासमोर उभी केली.

तिथं मी डॉक्टरांसमोर आ वासला. ते म्हणाले, तोंड मिटा आणि सदरा काढा. छातीवर तारा चिकटवल्या, पट्टी बाहेर आली, त्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांची धावपळ सुरू झाली. हार्ट अटॅक होता. छातीत तर काहीच दुखत नाही, असा वाद मी त्यांच्याशी घालत होतो. त्यांनी एक गोळी हातावर ठेवली आणि म्हणाले, गिळू नका, चावून खा. माझ्या बत्तीशीनं जन्मात केलेलं एवढं एकच उपयोगाचं काम.

गोळी चावता चावता मात्र मी खरोखर भ्यालो. बायकोचा हात सोडवेना. अँजिओप्लास्टीसाठी आत नेण्याआधी नर्सनं विचारलं, कवळी वगैरे आहे का, असेल तर काढून ठेवा. इतकं आयतं वाक्य मी एरवी सोडलं नसतं. टोमणा मारायला म्हणून इवायांकडं मान वळवली.

ते दारातच उभे होते. त्यांचं उपरणं गाडीतच माझा घाम पुसून माझ्या मानेखाली आलं होतं. गाल आत बसलेले, ओठ आत वळलेले, आणि भोवती दवाखाना भरून अनोळखी माणसं. कवळी रानात वाटीतच राहिली होती. त्यांना तिची आठवणही झालेली दिसत नव्हती. टोमणा मारायचा राहूनच गेला आणि डोळे भरून आले.

“भ्यायचं न्हाई,” ते म्हणाले. “मी हितंच हाय.”

दार बंद होईपर्यंत ते तसेच उभे होते, तोंड न झाकता.