आधी त्यांचं सांग

कमलमावशींची नक्कल करणं फार सोपं. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं पांढरा दोरा. तो कानामागं ओढायचा, पदर कमरेला खोचायचा, गुंडाळलेली निळी सतरंजी काखेत मारायची आणि दारात उभं राहून म्हणायचं, "आधी बसा. मग भांडा." एवढ्यावर आमच्या गल्लीतली पोरं हसून लोळायची. उचगावात मी सहावीपासून नकलांवरच नाव कमावलं. हेडसर, कंडक्टर, पाणी सोडणारा, सगळ्यांचे आवाज माझ्या गळ्यात. मावशींची नक्कल तर मी त्यांच्याच मागं दोन पावलांवर चालत करायचो. एकदा त्या मागं न वळताच म्हणाल्या, "सुरज्या, दोरा डाव्या कानाला हाय. तू उजवा वडतोयस."

मावशी मागल्या गल्लीतल्या. ती बौद्ध वस्ती. पुढली गल्ली आमची. पाण्याची लाईन दोघांत एकच, आमच्याकडनं आत शिरते आणि त्यांच्याकडं संपते. सकाळी तासभर पाणी. आम्ही पुढले नळाला मोटर लावायचो, मोटर सगळं ओढून घ्यायची आणि मागं नळातनं नुसती हवा फुसफुसायची. दर उन्हाळ्यात भांडण. पाण्यावरनं सुरू झालेल्या शिव्या जातीवर जाऊनच थांबायच्या. पोलीस यायचे, दोघांना दम द्यायचे, जायचे. मोटर चालूच.

मग एका संस्थेनं कोल्हापुरात सहा दिवसांचं शिबिर घेतलं. शेजाऱ्यांची भांडणं गल्लीतच कशी मिटवायची, मध्यस्थ कसं व्हायचं, त्याचं. दोन्ही गल्ल्यांतली माणसं पाहिजे होती. मागून अंगणवाडीतनं रिटायर झालेल्या मावशी गेल्या, पुढनं मी. मी जेवणासाठी आणि सर्टिफिकेटसाठी गेलतो, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'सक्रिय श्रवण'. मावशींचा हात वर. "म्हंजे गप बसायचं, व्हय?" मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच नाही, समोरच्याचं लक्षपूर्वक..." मावशी म्हणाल्या, "पर गप बसल्याबिगर कसं ऐकायचं वो म्याडम?"

शिबिरात खोटी भांडणं लावून सराव करायचा असायचा. त्यात मी सासू झालो, घरमालक झालो, भाडेकरूही झालो. एकदा तर दोन्ही बाजू एकट्यानंच भांडलो. सगळा हॉल हसत होता. परतताना बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कान लई चांगलं हायत रे तुझं. तोंडाचं काय करायचं ते बघू." मला ते कौतुक वाटलं. घरी येऊन आईला त्यांच्या आवाजात ऐकवलं, फक्त पहिलं वाक्य.

मग मावशींच्या बैठका सुरू झाल्या. एकदा पुढल्या गल्लीत, एकदा मागल्या. "एकदा तुमच्या दारात, एकदा आमच्या. चहा बी तसाच." खुर्ची कुणालाच नाही. माणसं बसेपर्यंत मावशी वाकून सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावायच्या, आमच्या-त्यांच्या मिसळून. मी विचारलं, असं कशाला? म्हणाल्या, "जाताना आपली हुडकायची म्हटलं तर दुसऱ्याच्या चपलेकडं बघावं लागतंय की."

मागल्या गल्लीत पहिली बैठक झाली तेव्हा आमच्यातल्या चौघांनी चहाला हात लावला नाही. कपांवर साय धरली. "गार झाला जणू. दुसरा टाकतो," म्हणत मावशींनी कप उचलले आणि खरंच दुसरा टाकला. तोही गार झाला. "तिसरा टाकतो." तिसऱ्या वेळी आमच्यातल्या एकानं कप उचलला, मग बाकीच्यांनी. त्या चौघांत माझा काका होता. आणि चौघांतला एक मी. माझा हात पण तिसऱ्याच वेळी पुढं गेला, हेही सांगून टाकतो.

मावशींचा एक कायदा होता. आपलं गाऱ्हाणं मांडायच्या आधी समोरच्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरचा "व्हय, असंच म्हणालो" म्हणाला, की मगच आपली पाळी. मधेच कुणी "पण माझं ऐका की" केलं, की मावशींचा तळहात वर. "तुझं नंतर. आधी त्यांचं सांग." दुसरा कायदा त्याहून लहान. सतरंजीवरचं सतरंजीवरच.

पाण्याच्या बैठकीला पुढनं शामराव बसले. हे त्यांचं खरं नाव नाही. फौंड्रीत उभी हयात गेलेला माणूस, मिशा अशा की पोरं रस्ता बदलायची. सगळ्यात आधी मोटर त्यांचीच लागायची. समोर मागल्या गल्लीतली सुनीता. तिची पोरगी पाण्यासाठी थांबायची आणि शाळेचा पहिला तास रोज बुडायचा. ते तिनं सांगितलं. शामराव तिचं सांगायला लागले, "ही म्हणती, आमी चोर हाय."

"असं न्हाई म्हणालो मी," सुनीता म्हणाली.

"मग काय म्हणालीस?"

"पोरीचा तास बुडतोय म्हणालो."

शामराव मावशींकडं वळले. "पोरीचा तास बुडतोय म्हणती."

"व्हय. असंच म्हणालो."

मग शामरावांची पाळी आली. बराच वेळ ते सतरंजीचा धागा उसवत बसले. मग आपण पहिली मोटर का लावतो ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरातली गोष्ट होती, दार लावून करायच्या कामाची. ती मी इथं लिहिणार नाही. एकदा सांगून झालीय माझी. सुनीतानं ती हळूहळू, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखी परत सांगितली. शामराव मान खाली घालून म्हणाले, "व्हय. असंच म्हणालो." पहिली चाळीस मिनिटं कुणी मोटर लावायची नाही, असं ठरलं. शामरावांना लागेल तेवढं त्यांनी सगळ्यांच्या आधी भरावं, हे सुनीतानंच सुचवलं. दोन महिने मागच्या नळांना पाणी आलं. तिची पोरगी दप्तर घेऊन वेळेत जाताना दिसायची.

मग गणपतीतला मंडळाचा कार्यक्रम आला. माझा आयटम होता, 'सतरंजीवरची बैठक'. आधी मावशी केल्या. शिट्ट्या. सुनीता केली. टाळ्या. पण मला आणखी मोठा हशा पाहिजे होता. आणि मी शामराव झालो. त्या मिशा, तो घोगरा आवाज, आणि दाराआडचं ते काम, खांद्यावरचा टॉवेल घेऊन हावभावांसकट. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. मांडव फुटायचा तेवढा राहिला.

शामराव दुसऱ्या रांगेत होते. ते उठले. आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, कडेच्या थप्पीवर नीट बसवली आणि गेले. मी ते बघितलं. बघूनही मी पुढं दहा सेकंद नक्कल चालू ठेवली, कारण लोक हसत होते. बाकीच्याला मी काहीतरी सबब देऊ शकतो. ह्या दहा सेकंदांना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मोटर सुरू झाली. तिचा आवाज ऐकून शेजारची, मग तिच्या शेजारची. चौथ्या दिवशी सुनीता आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. "कार्यक्रम झ्याक झाला म्हणं तुझा. पोरगी माझी आज शाळंलाच गेली न्हाई," एवढं बोलून ती वळली. आई माझ्याकडं बघत राहिली. मी आईची नजर चुकवायला मोबाईल काढला.

संध्याकाळी मावशी आल्या, काखेत सतरंजी. मला वाटलं आता खरपूस बोलणी मिळणार. मिळावीत असंही वाटत होतं. त्या फक्त म्हणाल्या, "चल."

शामराव दारातच उभे. "मावशी, तुम्ही या. त्यो नको."

"त्याला घेऊनच आलोय. भांडण तुमचं दोघांचं हाय, मी एकटी बसून काय करू?" म्हणत त्यांनी अंगणात सतरंजी अंथरलीसुद्धा. तिघांच्या चपला रांगेत लावल्या.

मी बसल्या बसल्या सुरू केलं, "काका, मी चुकलो, मला..."

तळहात वर. "तुझं नंतर. आधी त्यांचं सांग."

शामराव जे म्हणाले होते, त्या दिवशी बैठकीत, तेच मला परत सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यांचाच घोगरा आवाज बाहेर आला. मुद्दाम नाही. माझ्या गळ्याला दुसरी सवयच नव्हती. शामरावांनी डोळे मिटले. मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांच्या आवाजात नको. तुझ्या."

दुसऱ्यांदा सुरू केलं, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो बारीक होता, कापत होता, माझा मलाच अनोळखी. तशा आवाजात ती गोष्ट पहिल्यांदाच माझ्या कानांवर पडली. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. आतल्या खोलीतनं शामरावांच्या बायकोचा क्षीण आवाज आला, "कोण आलंय वो?"

शामराव म्हणाले, "कोण न्हाई. पाण्याचं हाय."

मी शेवटपर्यंत सांगितलं आणि वाट बघत बसलो. शामराव "व्हय" म्हणाले नाहीत. ते मावशींना म्हणाले, "मोटर उद्यापासनं बंद करतो. सुनीताच्या पोरीसाठी. ह्याच्यासाठी न्हाई." आणि उठून आत गेले. मावशींनी सतरंजी गुंडाळली. वाटेत मी म्हटलं, "मावशी, माझी माफी मागायची राहिली की." त्या म्हणाल्या, "राहू दे की. सगळं तुझंच कशाला व्हायला पायजे?"

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे पार गेले आणि लेक त्यांना कबनूरला घेऊन गेली. सतरंजी त्यांनी सुनीताला दिली. आता बैठका ती घेते. मला मावशी म्हणाल्या, "तू चपला लाव." मी लावतो. शामराव बैठकीला येतात, पण आपल्या चपला रांगेपासनं लांब, भिंतीकडेला काढतात. त्यांना मी हात लावत नाही.

मावशींचा रविवारी फोन येतो. पाणी कसं येतंय, सुनीताची पोरगी कितवीत गेली, सगळं विचारतात. शेवटी न चुकता एक प्रश्न असतो.

"शामराव व्हय म्हणालं का रे?"

"न्हाई, मावशी."

"मग तुझी पाळी अजून आली न्हाई," म्हणतात आणि फोन ठेवतात.