सुनंदाची बीपीची गोळी

मंगळवारी सकाळी नारपोलीत मी चहा गाळत होते, तेवढ्यात अंजूरहून सुनंदाचा फोन आला. "आज उपाशीपोटी यायचंय ना गं? मग बीपीची गोळी घेऊ का नको?"

"उपाशी म्हणजे उपाशी. काही नको घेऊस," मी म्हटलं... आणि फोन ठेवला.

सुनंदा माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावरची. दोघींनाही डिप्रेशन, डॉक्टरबाईही एकच. मी गोळ्यांवर बरी आहे... म्हणजे स्वयंपाक करते, झोपते, चारचौघांत हसते. तिला मात्र औषधं बदलूनही गुण आला नाही, म्हणून हॉस्पिटलमध्ये केटामाइन सुरू केलं. भूल द्यायचंच औषध, पण अगदी कमी डोस, सलाइनमधून.

दोन डोस झाले आणि ती फोनवर शाळेतल्या नन्सच्या नकला करायला लागली. कित्येक वर्षांनी ती अशी हसत होती... आणि मला ते सहन होईना.

मला का नाही, असं मी डॉक्टरबाईंना विचारलंही. "तुमच्या गोळ्या काम करतायत. आणि याचा सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आला तरी किती टिकेल, सांगता येत नाही." मी मान हलवली. घरी येऊन रडले.

डोसनंतर एकटीला सोडत नाहीत, म्हणून तिला नेणं-आणणं माझ्याकडे. त्या मंगळवारी नर्सने दोनदा बीपी घेतलं, खूप वाढलेलं. या औषधाने ते आणखी चढतं... डोस रद्द.

"गोळी का नाही घेतली? घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, असं कागदावर लिहून दिलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुनंदाने माझं नाव घेतलं नाही. फक्त विचारलं, "आता परत पहिल्यासारखं होईल का हो मला?"

तो कागद मी वाचला होता. फोनवर आठवला नाही, की आठवायचाच नव्हता... मला अजून सांगता येत नाही.

"मीच नको म्हटलं," मी म्हणाले. "मला हिचा हेवा वाटतो, डॉक्टर."

 सुनंदा थेट गावच्या बोलीवर आली, "येडी हाय का तू? हेवा कराला तुला माझा आजारच गावला?"

शुक्रवारी डोस झाला. बरोबर यायला तिची सून तयार होती, तरी सुनंदाने सोबतीच्या फॉर्मवर माझंच नाव लिहिलं. हेवा गेलाय असं खोटं लिहिणार नाही... पण त्या फॉर्मवर सही करायच्या आधी मी तिला विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस ना, घोटभर पाण्याबरोबर?"