चौकशीत उभे राहिलेले चौगुले सर

चौगुले सरांची आणि माझी पहिली भेट साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाच्या दारात झाली. मी, कागलचा यासीन मुल्ला, ऑपरेटर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. "चपला बाहेर काढा. आणि समजलं नाही तर हात लावायच्या आधी विचारा," एवढंच ते बोलले. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढे सरकवली.

आमच्या मोठ्या यंत्राला कारखानाभर टर्मिनल जोडलेली होती. कुठल्या कामाला किती मेमरी द्यायची, हे ठरवणारे आकडे, म्हणजे पॅरामीटर, फक्त सरच बदलत. एका हंगामात संचालकांना अहवाल तातडीनं हवे होते. त्यासाठी ऊस वजन करायच्या काट्याची मेमरी कमी करा, असा हुकूम आला. सरांनी आधी नकार दिला. दबाव वाढला, तेव्हा त्यांनी आकडा बदलला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काट्याचं टर्मिनल बंद पडलं. बैलगाड्यांची रांग उन्हात थेट रस्त्यापर्यंत गेली. रेटारेटीत बैल बुजले, भरलेली गाडी उलटली आणि शाहूवाडीकडचे गाडीवान बापू उसाखाली चिरडून गेले.

ऑपरेटरची चूक म्हणून चौकशी मिटवायचं वरच ठरलं होतं. समितीपुढं मला उभं केलं. सर उठले. "यासीननं रोजच्यासारखं यंत्र चालू केलं. आकडा मी बदलला. काटा बंद पडेल हे ठाऊक असून बदलला."

"चौगुले, खाली बसा," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"आधी लिहून घ्या," म्हणत सर उभेच राहिले.

त्यांची बदली बारदानाच्या गोदामात झाली. निवृत्तीपर्यंत ते तिथंच राहिले. हुकूम देणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

पुढं सर मला घेऊन बापूंच्या घरी गेले. बापूंच्या पत्नी सुशीलाबाई दारातच उभ्या राहिल्या. सरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पावणं, खरं बोललासा. पर त्येनं माझा माणूस माघारी येतोय व्हय? जावा आता."

सरांनी हात जोडले. आम्ही परत फिरलो.

साठीच्या या गौरवग्रंथाला सर तयार नव्हते. "बापूंचं लिहिणार असाल तरच काढा," म्हणाले. म्हणून लिहिलं. माझी नोकरी टिकली, मुली शिकल्या, ते केवळ सर त्या दिवशी खाली बसले नाहीत म्हणून. अजूनही रात्र रात्र त्यांचा डोळा लागत नाही, असं त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगतात. सरांना उदंड आयुष्य मिळो, प्रकृती धडधाकट राहो, आणि त्यांना शांत झोप लागो, एवढंच मी अल्लाकडं मागतो.