करुणाच्या कबरीची हद्द

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. मोजणी खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लोक विचारतात, साहेब, एखादा किस्सा सांगा. मग मी त्यांना दोन सख्ख्या भावांचा किस्सा सांगतो. त्यांनी मला बांधावर मध्ये उभं करून एकमेकांवर ढेकळं फेकली होती, आणि बहुतेक मला लागली. लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. कबरस्थानाच्या मोजणीचं मात्र मी कधी बोललो नाही. त्या मोजणीत एका आईच्या लेकीची कबर दुसऱ्याच्या शेतात गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

प्लेन टेबल लावून झालं होतं. मार्चचं ऊन डोक्यावर होतं. प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवर बसवलेला लाकडी फळा. त्यावर कागद लावायचा आणि जागेवरच नकाशा उतरवायचा. गाव प्रवरेच्या काठचं, कोल्हारहून फार लांब नाही. एका बाजूला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं जुनं कबरस्थान, दुसऱ्या बाजूला तात्या नावाच्या शेतकऱ्याचा ऊस. तात्यांनी हद्द कायम करून मागितली होती. म्हणजे कुणाची जमीन कुठे संपते ते सरकारी माणसाने मोजून दाखवायचं.

हजर होते तात्या, मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, आणि मार्थाबाई. मार्थाबाई मंडळीत पुढे बसून खड्या आवाजात गाणारी, शेतमजुरी करणारी बाई. तिची मुलगी करुणा सहा वर्षांची असताना तापाने गेली होती. करुणाची कबर अगदी कडेला, एका कडुलिंबाच्या झाडाखाली होती. बाईने येताना माझ्यासाठी लिंबूपाणी आणलं होतं. मी घेतलं नाही. कारण सांगतो.

मी ख्रिस्ती. कबरस्थान ख्रिस्ती. सकाळीच तात्या हसत हसत म्हणाले होते, "साहेब तुमच्यातलेच निघाले. आता आमचं काय खरं न्हाई." ते वाक्य मला दिवसभर बोचत राहिलं. मी आपल्या लोकांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. म्हणून मी मार्थाबाईचं लिंबूपाणी नाकारलं आणि तात्यांचा चहाही नाकारला. दोन्ही नाकारले म्हणजे आपण निःपक्षपाती, असं मला वाटलं.

आता चूक. हद्दीच्या कोपऱ्यावर जुना दगड असतो. पण एका दगडावर कधीच विसंबायचं नाही. दगड हलतो, किंवा हलवला जातो. आणखी दोन पक्क्या खुणांवरून अंतर घेऊन तो जागेवर आहे का ते तपासायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तात्यांनी दाखवलेल्या दगडाच्या बुडाशी माती भुसभुशीत होती. मला ते दिसलं. तपासायची दुसरी खूण उभ्या उसापलीकडे होती. उसातून मोजणीची साखळी ओढणं म्हणजे अंग सोलून घेणं. पण खरं कारण ऊस नव्हता. तपासून हद्द तात्यांच्या शेतात सरकली असती, तर ते म्हणाले असते, बघा, मी म्हटलंच होतं.

मी दगड धरला, रेघ मारली आणि खुणा ठोकल्या. करुणाची कबर रेघेच्या पलीकडे गेली.

मार्थाबाई खुणेच्या खुंटीकडे बघत म्हणाली, "साहेब, ही माझ्या पोरीच्या कबरीच्या अलीकडं कशी हो आली?"

मी म्हणालो, कागद जे सांगतो ते मी करतो.

कागद तसं सांगत नव्हता. दोन दिवसांनी ऑफिसात नकाशा काढताना मी मूळ टिपण उघडलं. टिपण म्हणजे जमिनीची पहिली मोजणी झाली तेव्हाची नोंद. दगड दहा-बारा फूट कबरस्थानात सरकलेला होता. पुन्हा जायला हवं होतं. मी गेलो नाही. नकाशा पुरा करून सही केली.

त्या आठवड्यात पाळकसाहेब ऑफिसात आले. खुर्ची माझ्या जवळ ओढून हळूच म्हणाले, "तुम्ही आपले आहात म्हणून विचारतो. मोजणी बरोबर आहे ना? नसेल तर आम्ही निमताना मोजणीचा अर्ज करू." निमताना म्हणजे खालच्या माणसाची मोजणी वरच्या साहेबाने पुन्हा करणं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अर्ज केला नाही. ऊस निघाल्यावर तात्यांनी लिंब तोडला आणि ट्रॅक्टर फिरवला. कबरीवरच्या विटा सपाट झाल्या. हे मला माझ्या बायकोकडून, सुमनकडून कळलं. महिला मंडळाच्या सभेत मार्थाबाई भेटली होती. जेवायला वाढता वाढता सुमन म्हणाली की त्या बाईने प्रार्थनेत तात्यांचं नाव घेतलं, त्यांच्या घरादारासाठी मागितलं, आणि मग ढोलकी ओढून घेऊन गायलाच बसली. मी आमटी मागून घेतली. सुमनलाही मी काही सांगितलं नाही.

स्वतःची समजूत मात्र घातली. देवाच्या परवानगीशिवाय काही घडत नाही, मग हेही त्याच्या परवानगीनेच घडलं असणार, असं मी वर्षानुवर्षं म्हणत राहिलो. प्रत्येक रविवारी देवळात बसून देवाच्या खांद्यावर माझी सही ठेवली.

मग मी रिटायर झालो, संगमनेरला घर केलं, आणि चार वर्षांपूर्वी सुमन गेली. सकाळी अंगणात झाडत होती, दुपारी नव्हती.

भेटायला येणारे म्हणायचे, देवाची इच्छा. मला राग यायचा. इतकी वर्षं ज्या वाक्याआड मी लपलो होतो तेच लोक मला देत होते, आणि आता ते टोचत होतं. आता देवळात पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं. स्वयंपाकघरात सुमनचा चष्मा खिडकीत होता, तो मी हलवू देत नव्हतो.

सुमन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दारात मार्थाबाई. सत्तरी ओलांडलेली, हातात डबा. कोल्हारला गाडी बदलून आली होती. आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, मंडळीतल्या बाया जेवण आणतात. तिने डब्यातून बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत काढलं आणि माझ्यासमोर बसली.

"खावा भाऊ. सुमनताई माझ्या भरतात मीठ कमी असतंय म्हनायच्या. आज मुद्दाम जास्त टाकलंय, वरनं बघत असतील तर गप बसतील."

मला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. भरीत खरंच खारट होतं.

हसता हसता मी रडलो, आणि मग तिला विचारलं की बाई, तुझी मुलगी गेली, वर तिची कबरही गेली. देवाची इच्छा म्हणून तू गप्प बसलीस का?

तिने पदराने हात पुसले. "न्हाई भाऊ. दगड हलवला तो मानसानं. ते वाईटच हुतं, आन वाईटाला मी चांगलं म्हननार न्हाई. देवाच्या नावावर ते टाकायचं न्हाई. पन मानसानं हलवला म्हनून काय देवाच्या हातातनं निसटलं का? त्याच्या हातातनं कायबी निसटत न्हाई. वधस्तंभावर त्याच्या लेकाला मारलं, ते काय चांगलं काम हुतं? लई वाईट. तरी देवानं त्यातनंच आपल्याला सोडवलं."

"पण कबर?" मी म्हणालो.

"कबरीचं काय हो. उठायच्या दिवशी प्रभू तुमचा नकाशा बघून हाका मारनार हाय का? त्याला ठाऊक हाय माझी पोरगी कुठं निजलीय. मला फक्त दरसालचा चुना लावता येत न्हाई, तेवढंच वाईट वाटतं."

दरसालचा चुना म्हणजे आमचा रिवाज. पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधी घरोघरची माणसं कबरस्थानात जाऊन कबरींना चुना लावतात, आणि सणाच्या पहाटे तिथेच फुलं वाहून गातात. मार्थाबाई सगळ्यांच्या कबरींना चुन्याचा हात लावायची. स्वतःच्या लेकीची तेवढी राहायची.

मी सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, बाई, त्या मोजणीत... तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली की दगडच खोटा हुता, तुमी काय करनार. मी भाकरी खाल्ली.

पुढच्या सोमवारी मात्र जुन्या ऑफिसात गेलो. साहेब माझ्या मुलापेक्षा तरुण होते. मी लेखी निवेदन पुढे ठेवलं: त्या मोजणीत मी हद्दीचा दगड इतर खुणांवरून तपासला नव्हता, तरी फेरतपासणी व्हावी.

साहेबांनी दोनदा वाचलं. "काका, तुम्ही रिटायर आहात. हे कशाला उकरून काढता?"

"उकरण्यासारखं काही पुरलं गेलंय म्हणून."

त्यांनी कागद पुन्हा उचलला. मग म्हणाले की माणसं स्वतःची बरोबर मोजणी तपासून घ्यायलाही तयार नसतात. निवेदन ठेवून घेतलं. मंडळीने अर्ज केला, लगतच्या लोकांना नोटिसा गेल्या. तात्या तोवर वारले होते. शेत त्यांचा मुलगा विलास करत होता. तो काय करेल याची सगळ्यांना धास्ती होती. भांडला असता तर प्रकरण कोर्टात दहा वर्षं पडलं असतं, आणि मार्थाबाईकडे दहा वर्षं नव्हती.

मोजणीच्या दिवशी मीही गेलो, लांब उभा राहिलो. आता साखळी नाही, फळा नाही. रोव्हर नावाचं काठीसारखं यंत्र असतं, ते वर उपग्रहाशी बोलतं आणि खाली जागा सांगतं. तरुण मोजणीदाराने पक्क्या खुणा तीन बाजूंनी तपासल्या, ऊन असूनही एक सोडली नाही. मग विलासच्या शेतात अकरा फूट आत जाऊन त्याने चुन्याची फक्की टाकली.

विलास त्या पांढऱ्या रेघेवरून टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मग मोजणीदाराला म्हणाला, "जागा घ्या. पन तात्यांनी दगड हलवला असं कुठं लिहू नका."

सगळे मार्थाबाईकडे बघायला लागले.

"नका लिहू साहेब," ती म्हणाली. "म्हातारा आता ज्याच्याम्होरं उभा हाय, त्याला कागद लागत न्हाई. आन विलास, तू लहान असताना माझ्या पोरीसंगं हितल्या लिंबाखाली खेळायचास. झाड कुठं हुतं ते तुला ठाऊक आसंल."

विलासला ठाऊक होतं. त्याने स्वतः टिकाव आणला. हलक्या हाताने दोन जागी माती काढली, काही लागलं नाही. तिसऱ्या जागी टिकावाचा आवाज बदलला. नांगर जिथवर पोचला नव्हता तिथे पायाच्या विटांची एक ओळ सरळ बसलेली होती, लहान मुलाच्या मापाची. विलासने टिकाव टाकला आणि हाताने माती सारायला लागला. मार्थाबाई त्याच्या शेजारी बसली. आधी मला वाटलं ती रडतेय. ती गात होती.

त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण मी आयुष्यात विसरणार नाही. करुणाची कबर नव्याने बांधली होती, विटा विलासने ट्रॉलीतून आणून दिल्या होत्या. आदल्या दिवशी मार्थाबाईने चुना लावला. कबरीला कमी, आमच्या कपड्यांना जास्त. पहाटे उजाडताना सगळी मंडळी उभी होती, ढोलकी, पेटी, टाळ, आणि या कबरस्थानात निजलेले सगळे एक दिवस उठणार असं आम्ही गळा फाडून गात होतो. सुमन संगमनेरला पुरलेली आहे. पण त्या पहाटे मला ती अगदी जवळ वाटली, आणि पहिल्यांदा असं वाटलं की तिला माझ्याकडून काढून घेतलेलं नाही, सांभाळायला घेतलंय. विलास कुंपणाशी उभा होता. मार्थाबाईने त्याला आत ओढलं आणि त्याच्या हातात टाळ दिले. त्याला वाजवता येत नव्हते. चालून गेलं.

गाणं संपल्यावर ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "या भाऊंनी माझी पोरगी हुडकून दिली. जुन्या दगडानं त्यांना फसवलं हुतं, तरी म्हातारपनी परत मोजायला लावलं. देव यांचं भलं करो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. ऑफिसात येऊन मला काय विचारलं होतं ते त्यांना आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मी नमस्कार केला, आणि टाळ्या घेतल्या.

माझं निवेदन खरं होतं, पण अर्धंच खरं. दगड तपासला नाही एवढं मी लिहिलं होतं. टिपण उघडल्यावर मला कळलं होतं, आणि कळूनही मी सही केली, हे लिहिलं नव्हतं. सांगायला मी दोनदा तिच्या घरी गेलो. एकदा ती तापलेल्या तव्यासमोर होती, दारात पाच बाया बसल्या होत्या. दुसऱ्यांदा तिने मला बघताच इतक्या आनंदाने हाक मारली की मी नुसताच चहा पिऊन आलो. पुढल्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. करुणाच्या शेजारी तिला जागा मिळाली. रेघेच्या अलीकडे, हक्काची. दफनाला गाणी इतकी झाली की पाळकसाहेबांना उपदेश आटोपता घ्यावा लागला.

मोजणीदारांसाठी एवढंच सांगतो: दगड तीन बाजूंनी तपासा, आणि चूक कळली की त्याच दिवशी परत जा. चूक देवाच्या हातात सुरक्षित राहते हे खरं. म्हणून ती आपण त्याच्या हातात सोडून घरी जायचं, असं नाही.

मार्थाबाई, दगडाने मला फसवलं नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं, आणि तुमच्या लेकीवर ट्रॅक्टर फिरला त्या दिवशीही ठाऊक होतं. मी खोटं बोललो. मला माफ करा.