व्हीगन कबड्डी आणि राखणदाराचा कोंबडा

आमच्या चारकोपच्या कबड्डी मंडळाच्या कपाटात ट्रॉफ्या दोन, किस्से मात्र दार लागणार नाही इतके. त्यातले बरेचसे वडीलधाऱ्यांच्या अकलेतून आलेले. आणि एका महिन्यात सगळ्यात जास्त पिकले ते टीम व्हीगन झाली तेव्हा!

*

सुरुवात आमचे कोच सावंत सर. मोबाईलवर कसलातरी व्हिडिओ बघून आले. "फॉरेनचे प्लेयर पाला खाऊन उडतायत! आजपासून मासे, अंडी, दूध, दही, सगळं बंद. जो खाईल तो फायनलला बाहेर!"

मी कॉलेज सोडलं ते कबड्डीसाठी. फायनलला एका कंपनीच्या टीमचे साहेब मला बघायला येणार होते. पटलो तर नोकरी. म्हणून मान डोलावली.

सर बोलत होते ते दुधाचा चहा फुरकत. विचारलं तर म्हणाले, "मी कुठे खेळतोय?"

*

आई मालवणची. ऐकलं आणि बांगड्याची कढई बाजूला सारून डोळ्याला पदर.

"कॉलेज सोडलंस तेव्हा इतक्या वायट वाटूक नाय माका!"

बाबांनी माझ्या सोयाच्या वड्या चाखल्या. "उशी फाडून शिजवलीस काय रे?"

*

आमचा रेडर हितेश कोळीवाड्यातला. त्याच्या आईने अख्ख्या टीमला वांग्याची भाजी पाठवली. सर बोटं चाटत म्हणाले, "ह्याला म्हणतात व्हीगन!"

हितेशला शंका आली. फोन लावला. "आये, मासली-मावरं नको बोललेलो ना?"

"मावरं कुठं टाकलाय? सुका जवला हाय तो, चवीपुरता!"

सगळे सरांकडे बघतायत. सर म्हणाले, "उरलीय का?"

*

आता फायनल. मैदानाच्या कोपऱ्यातल्या राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, आधी कोंबडा द्यायचा, ही मंडळाची जुनी पद्धत. सर आडवे आले. "प्रसाद म्हणून पोरं खातील. नारळावर भागवा!"

अध्यक्ष तात्या भडकले. पण नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, तेही माईकवर! "बा राखणदारा म्हाराजा, आमची पोरां पालो खातत, म्हणान यंदा तुका नारळ. तुझो कोंबडो समोरच्या टीमकडसून वसूल कर रे म्हाराजा!"

आम्ही सवयीने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

पहिल्याच चढाईत समोरच्यांचा स्टार रेडर घोटा धरून खाली. बाहेर! आमची पोरं नाचतायत आणि इथे माझी वाट लागली. साहेब आलेले ते मी त्यालाच कसा पकडतो हे बघायला! तात्यांना शिवी घातली. मनात नाही, तोंडावर.

मध्यंतराला समोरचा कॅप्टन, तोही तात्यांसारखा मालवणीच, कणकवलीचा, जिवंत कोंबडा घेऊन धावत आला. "तात्यानू, ह्यो घेवा, पण गाऱ्हाणा मागे घेवा!"

सर म्हणाले, "अरे, पण आपला नियम..."

मी ओरडलो, "सर, धरा तो!"

तात्यांनी माईकवर गाऱ्हाणं मागे घेतलं आणि दुसऱ्या हाफला तो रेडर परत उतरला. सरळ माझ्या कोपऱ्यात. मी मांडी पकडली, पठ्ठ्या आडवा! साहेबांनी उठून माझं नाव लिहून घेतलं आणि सरांकडे वळले.

"पोरगा दमदार आहे हो. खातो काय?"

सरांच्या काखेत कोंबडा फडफडत होता.