चादरीच्या कोपऱ्यातले टाके

कडककाकूंच्या लाँड्रीत चिठ्ठ्या-बिठ्ठ्यांची भानगड नव्हती. प्रत्येक लॉजच्या चादरीला कोपऱ्यात ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके, की ओळख पटली. टाके घालायची त्यांची नणंद, कारण सुईत दोरा ओवायचा म्हटला की काकूंचे डोळे संपावर जात.

मग सरकारला परदेशी पाहुण्यांना दारात ताटकळत ठेवायची हुक्की आली. व्हिसाची फी वाढली, मुलाखत आली, आणि तारीख मिळेपर्यंत लोकांच्या सुट्ट्याच संपायला लागल्या. पाहुणे काय वेडे आहेत? विमानतळावरच शिक्का मिळतो अशा शेजारच्या देशात गेले. मोठी माणसं टीव्हीवर घसा फोडत बसली, आणि इकडे काकूंच्या गच्चीवरच्या दोऱ्या रिकाम्या पडल्या. लॉजवाले चादरींचे गठ्ठे लाँड्रीतच सोडून गेले. नणंदेला घरी बसवावं लागलं, आणि ते काकूंच्या फार जिव्हारी लागलं.

"वन्सं, मोठं मशीन आहे तोवर तुमची जागा आहे," त्यांनी शब्द दिला.

नेमकं तेच मशीन मुलाला खुपत होतं. "आई, विकून टाकू. गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"उभं आहे तर बसायला सांग. चहा देते. मशीन देणार नाही."

काकू पदर खोचून दवाखान्यात गेल्या आणि तिथलं धुण्याचं काम घेऊनच परतल्या. त्या कपड्यांना टाके लागत नव्हते, पण मशीन चालू राहिलं. अधूनमधून त्या लॉजच्या चादरीही धुवायच्या, तेव्हा मुलगा कपाळाला हात लावायचा.

"अगं, यांच्यावर झोपलंय कोण?"

"कोणी झोपलं नाही म्हणूनच घड्या पिवळ्या पडतात. पाहुणे आल्यावर काय पिवळ्या चादरी अंथरायच्या?"

"आले तर ना!"

"येतील. टॅक्सीवाले, गाईड, दुकानदार सगळे बोंबलतायत. सरकारला काय कान नाहीत?"

कान होते, फक्त उशिरा उघडले. व्हिसा घरबसल्या मोबाइलवर मिळू लागला आणि त्याच हंगामात एक लॉजवाला धापा टाकत आला. "काकू, उद्या सगळ्या खोल्या भरतायत! चादरी कधी द्याल?"

काकूंनी फळीकडे बोट दाखवलं. पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या चादरी. लॉजवाला बघतच राहिला. मागोमाग दुसरा आला, नव्या कोऱ्या चादरींचा गठ्ठा घेऊन. त्याने आणखी एक मजला उघडला होता.

मुलगा तडक उठला. स्कूटर काढून गेला आणि आत्याला मागे बसवून घेऊन आला.

नणंद आली ती थेट आपल्या जुन्या स्टुलावर बसली. सुई उजेडाकडे धरून तिने विचारलं, "वहिनी, कुठला रंग काढू?"

काकूंनी दोऱ्यांचा अख्खा डबाच तिच्यापुढे ठेवला. "सगळे काढा, वन्सं."